आईचं विसरणं आणि तुझी धास्ती

नमू, परवा फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "ताई, माझंही आईसारखंच होणार का गं?" घरात माणसं होती, नीट बोलता आलं नाही. आता निवांत सांगते. पण त्याच फोनवर तू आणखी एक बोललीस, ते मला जास्त लागलं. "आईनं आयुष्यभर चूल आणि मूल एवढंच केलं, डोक्याला कधी खाद्य दिलं नाही, म्हणून ही वेळ आली, असं सगळेच म्हणतात." सगळे म्हणतात ते म्हणोत. तू मात्र ते खरं धरून बसलीस आणि त्याच धास्तीनं सुडोकूची पुस्तकं, मेंदूच्या खेळांच्या अ‍ॅपची वर्षाची वर्गणी आणि स्मरणशक्तीची ती महागडी पावडर घेऊन आलीस. हे मला बघवेना.

लोक म्हणतात ते खरं की खोटं, हे कुणी तपासलंय का? तपासलंय. आणि कसं तपासलंय ती हकीकतच अशी आहे की तुला सविस्तर सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

१ जून १९३२. त्या दिवशी स्कॉटलंडच्या शाळांमध्ये १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलामुलीला एकच बुद्धिमापन चाचणी दिली गेली. खेड्यातली शाळा असो की शहरातली, गरिबाचं पोर असो की श्रीमंताचं, पेपर एकच. ८७,४९८ मुलं बसली. पाऊण तास वेळ. विरुद्धार्थी शब्द, शब्दांच्या जोड्या, छोटी गणितं, सांकेतिक लिपी उलगडणं, असं सगळं त्यात होतं. एडिनबराच्या मरे हाउसची ही चाचणी, गॉडफ्री थॉमसन यांच्या हाताखाली तयार झालेली. पुढे १९४७ मध्ये १९३६ साली जन्मलेल्या ७०,८०५ मुलांनाही तीच दिली. मग मुलं मोठी झाली, १९३२ च्या पेपराला बसलेल्यांतले कितीतरी महायुद्धावर गेले, बाकीचे नोकरी-संसाराला लागले. गुणांच्या वह्या तळघरात पडून राहिल्या.

१९९० नंतरच्या दशकात इयन डिअरी आणि लॉरेन्स व्हॉली या दोन संशोधकांना त्या वह्यांचं मोल कळलं. म्हातारपणी माणसाचं डोकं किती चालतं हे कुणीही मोजेल. पण तेच डोकं अकराव्या वर्षी कसं चालत होतं, हे कुठून आणायचं? इथे अख्ख्या देशाची नोंद तयार होती. मग त्यांनी त्या मुलांना, म्हणजे आता आजी-आजोबा झालेल्यांना, शोधायला सुरुवात केली. १ जून १९९८ ला, बरोबर सहासष्ट वर्षांनी, अ‍ॅबर्डीनच्या म्युझिक हॉलमध्ये त्यांना बोलावलं. समोर तोच पेपर. त्याच सूचना, तोच पाऊण तास. सत्त्याहत्तरीची माणसं पेन्सिली घेऊन अकराव्या वर्षीचा पेपर सोडवायला बसली. मला हे वाचताना फार भरून आलं.

आणि ऐक, सरासरी गुण वाढलेले निघाले. अकराव्या वर्षी जितके मिळाले होते त्याहून सत्त्याहत्तराव्या वर्षी जास्त. म्हातारपण म्हणजे सगळं गळतच जाणार, ही आपली समजूत इथेच ढासळते.

पुढे एडिनबरा परिसरात हे काम मोठं झालं. १९२१ सालचे ५५० जण सुमारे एकोणऐंशीव्या वर्षी, आणि १९३६ सालचे १,०९१ जण सत्तरीच्या आसपास. लोदियन बर्थ कोहोर्ट म्हणतात त्यांना. दर तीन-चार वर्षांनी त्यांना पुन्हा बोलावलं गेलं. रक्त तपासलं, फुंकर किती जोरात मारता येते ते बघितलं, हाताची पकड मोजली, सहा मीटर चालायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघितलं, खाणंपिणं विचारलं. १९३६ च्या गटाचे मेंदूचे एमआरआय त्र्याहत्तराव्या वर्षापासून पुन्हा पुन्हा काढले गेले. कंटाळा न करता ही माणसं येत राहिली. आपल्याला आज जे ठाऊक आहे ते त्यांच्या त्या चिकाटीमुळे.

यातून निघालं काय? पहिली गोष्ट ऐकायला जरा कठोर वाटेल. सत्तरीत माणसामाणसांच्या बुद्धीत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा फरक अकराव्या वर्षीच होता. म्हातारपणी जो तल्लख दिसतो तो बहुतेकदा लहानपणीही तल्लखच होता. त्यात त्याचं कर्तृत्व थोडं, आणि मागे पडलेल्याचा गुन्हा तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट तुझ्या सुडोकूबद्दलची, म्हणून ती मी उलगडून सांगते. सत्तरीतल्या लोकांना विचारलं, तुम्ही कॉफी किती पिता? कॉफी पिणाऱ्यांचे गुण बरे आले. बातमीवाल्याला इथेच मथळा मिळाला असता. पण डिअरींच्या मंडळींकडे अकराव्या वर्षीच्या गुणांची चाळणी होती. त्या चाळणीतून आकडे काढल्यावर कॉफीचा प्रभाव जवळपास नाहीसाच झाला. लहानपणी हुशार असलेली, चांगल्या नोकऱ्या लागलेली माणसंच कॉफी जास्त पीत होती, एवढंच. बेतानं घेतलेल्या दारूचंही तसंच. आणि वाचन, कोडी, मंडळं, कार्यक्रमांना जाणं, यांचंही बव्हंशी तसंच! कोडी सोडवून माणसं तल्लख झाली असं आपण धरतो. खरं म्हणजे तल्लख माणसांना कोडी आवडत होती, म्हणून ती सोडवत होती. बाण उलटा होता.

आता मला सांग, "आईनं वाचन केलं नाही म्हणून तिला विसरायला झालं" हे वाक्य या चाळणीतून पार पडतं का? नाही पडत. आणि आई डोकं चालवत नव्हती हे तरी कुणी ठरवलं? तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. गल्लीतल्या बायकांची भिशी आई चालवायची. कुणाची पाळी कधी, कुणी मागच्या महिन्याचे अर्धेच दिले, कुणाचे आगाऊ आलेत, कुणाच्या बाळंतपणासाठी क्रम बदलून दिला, सगळं तोंडपाठ. एक ओळ लिहिलेली नसायची. पैशापायी कधी भांडण झालं नाही त्या भिशीत. सुडोकू आवडत असेल तर खुशाल सोडव, बरं का. आवड म्हणून सोडव. औषध म्हणून घोटू नकोस. आणि पुढच्या वर्षी त्या अ‍ॅपला पैसे भरू नकोस, पावडरीला तर नकोच नको.

मग चाळणीतून पार काय पडलं, असं विचारशील. थोडंथोडं पडलं. सिगारेट ओढणाऱ्यांच्या मेंदूचा वरचा थर पातळ दिसला. सोडलेल्यांचा काही अंशी भरून येत असावा, पण त्याला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून तुझ्या मिलिंदना सांग, उद्यापासून नाही, आजपासून. शरीरानं जास्त हालचाल करणाऱ्यांचा मेंदू तीन वर्षांनी काढलेल्या एमआरआयवर कमी आकसलेला दिसला; नुसते छंद जोपासणाऱ्यांच्या बाबतीत तो संबंध टिकला नाही. दुसरी भाषा येणारे लोक अकराव्या वर्षीच्या गुणांवरून जी अपेक्षा होती तिच्याहून बरे निघाले, आणि ती भाषा मोठेपणी शिकलेलेही त्यात होते. प्रत्येक गोष्टीचा वाटा लहान. डिअरी आणि त्यांचे सहकारी स्वतःच सांगतात की जादूची गोळी नाही, कणाकणानं फायदा आहे.

चालण्याच्या बाबतीत तुझ्यापासून काही लपवत नाही. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा १९८५ पासून असाच पाठपुरावा चाललाय, व्हाइटहॉल म्हणतात त्याला. त्यांनी अठ्ठावीस वर्षांच्या नोंदी बघितल्या तेव्हा व्यायामानं डिमेन्शिया, म्हणजे हा विसरण्याचा आजार, टळतो असं दिसलं नाही. उलट असं दिसलं की आजाराचं निदान व्हायच्या आधी सुमारे नऊ वर्षांपासून माणसाचं हिंडणं-फिरणं कमी होत जातं. म्हणजे इथेही बाण उलटा असू शकतो. तरी मी तुला चालायला सांगणारच. तुझं बीपी, तुझी साखर, तुझे गुडघे, तुझी झोप, या सगळ्यांसाठी चालणं उपयोगाचं आहे यात कुणाचंच दुमत नाही. आणि त्याच व्हाइटहॉलमध्ये हेही दिसलं की पन्नाशीत वरचं बीपी १३० किंवा त्याहून जास्त असलेल्यांना पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका जास्त होता. साठीत-सत्तरीत मोजलेल्या बीपीनं तसा फरक दिसला नाही. म्हणजे वेळ तुझी आहे, आत्ताची. तू सत्तेचाळीस वर्षांची आहेस, घरात आईसाठी आणलेलं बीपीचं यंत्र आहे, त्यावर तू स्वतःचं बीपी शेवटचं कधी बघितलंस?

तुझं ते "स्वयंपाकघरात कशाला आले तेच आठवत नाही" प्रकरण. त्यानं तू इतकी घाबरलीस की रात्री झोपत नाहीस, आणि झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी विसरतेस. पाळी मागेपुढे होतेय म्हणालीस ना? अमेरिकेत १९९६ पासून स्वान नावाचा अभ्यास चाललाय, मध्यमवयीन बायकांच्या तब्येतीचा. त्यात २,३६२ जणींच्या स्मरणशक्तीच्या आणि वेगाच्या चाचण्या चार वर्षं पुन्हा पुन्हा घेतल्या. एरवी चाचणी परत परत दिली की सरावानं गुण वाढतात. पाळी जाण्याच्या संक्रमणकाळात मात्र ही वाढ थबकली. पाळी पूर्ण गेल्यावर पुन्हा सुरू झाली. हे मी अधोरेखित करून सांगते: पुन्हा सुरू झाली. त्या काळात तुला जे अडखळल्यासारखं होतंय ते खरं आहे, तुझ्या मनाचे खेळ नाहीत, आणि आईच्या आजाराची ही सुरुवात आहे असं मानायला त्यात काहीही आधार नाही. नाव चटकन न आठवणं, चष्मा कुठे ठेवला ते न सुचणं, यानं घाबरू नकोस. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, वर्षानुवर्षं केलेल्या आमटीचा क्रमच न लागणं, तेच तेच पाच मिनिटांत पुन्हा विचारणं, असं काही झालं तर मला सांग, आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ.

आता आई.

मागे तिला तपासायला नेलं तेव्हा तिथे तिला शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. ती गप्प बसली आणि कागदावर गुण कापले गेले. तुला ते पाहून रडू आलं होतं. नमू, चौथीत शाळा सोडलेल्या बाईला हा प्रश्न विचारून तिच्या मेंदूबद्दल काय कळणार? शाळेबद्दल कळेल. हीच अडचण आपल्या देशातल्या संशोधकांना फार पूर्वी जाणवली होती. हरियाणातल्या बल्लभगढ भागात खेड्यांतल्या, शाळा न पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना तपासायचं होतं, तेव्हा त्यांनी परदेशी चाचणी बदलून घेतली. शंभरातून सातच्या जागी वीसमधून तीन, आठवड्याचे वार उलटे म्हणणं, कागदावरचं वाचून डोळे मिटण्याऐवजी "मी करतो तसं करा". आईसाठी अशीच, शाळेचा हिशोब धरणारी चाचणी घ्या, असं आपण पुढच्या वेळी स्पष्ट सांगायचं. डॉक्टरांना हे सांगण्यात उद्धटपणा नाही.

आपल्याकडेही आता असा लांब पल्ल्याचा अभ्यास चाललाय हे तुला माहीत नसेल. लासी त्याचं नाव. आपल्या मुंबईत, देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, तिच्याकडून तो चालतो. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत देशभरातली पंचेचाळिशीपुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून अधिक जणांना घरी जाऊन तपासलं, विचारलं. त्यातल्याच काही साठीपुढच्यांची डिमेन्शियासाठी आणखी बारकाईनं तपासणी झाली. त्यावरून काढलेला अंदाज असा, की साठीच्या पुढच्या दर शंभरांत सात-साडेसात जणांना हा आजार आहे, म्हणजे देशात ८८ लाखांच्या आसपास माणसं. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त, शाळा न शिकलेल्यांत जास्त.

शाळा न शिकलेल्यांत. इथे मी जरा थांबते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये डिमेन्शियाचे चौदा असे धोके मांडले की जे बदलता येण्यासारखे आहेत, आणि ते सगळे दूर झाले तर जगातल्या साधारण ४५ टक्के केसेस टळतील किंवा लांबतील असा हिशोब केला. त्या यादीत कमी शिक्षण आहे. पण आईची शाळा कुणी सोडवली? पाठच्या भावंडांना सांभाळायला घरात कुणी नव्हतं म्हणून तिला काढली. मामा शिकले, ती राहिली. तिच्या बाबतीत चुकलंच असेल काही, तर ते तिच्याकडून चुकलेलं नाही. आता पुन्हा कुणी "डोक्याला खाद्य दिलं नाही" म्हणालं, तर हे तू त्यांना सांगायचंस, आणि आईच्या समोर सांगायचंस.

आणखी एक. हल्ली तिला मराठी शब्द सापडत नाही, मग ती निपाणीची कानडी बोलायला लागते, आणि तू "आई, मराठीत बोल ना" म्हणतेस. म्हणू नकोस गं. बोलू दे. हैदराबादच्या निम्स या वैद्यकीय संस्थेत सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाचे ६४८ रुग्ण पाहिले. ज्यांना दोन किंवा जास्त भाषा येत होत्या त्यांना हा आजार एकच भाषा येणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतही हा फरक दिसला, तिथे तर तो आणखी मोठा होता. या रुग्णांच्या लहानपणीच्या वह्या कुणाकडे नव्हत्या, त्यामुळे स्कॉटलंडची चाळणी इथे लावता येत नाही. तरी दोन्हीकडचे निष्कर्ष एकाच दिशेचे आहेत. मावशीला रोज फोन लावून दे. तासभर कानडीत बोलू देत दोघी. आई त्या तासात किती हसते ते तू ऐकलंयस.

तिचे कान मात्र ताबडतोब दाखव. टीव्हीचा आवाज शेजारी ऐकू जातो, आणि आपण बोललो की ती नुसती "हं, हं" करते. ऐकूच न गेलेली गोष्ट तिला आठवणार कशी? यातलं विसरणं किती आणि न ऐकणं किती, ते कान दाखवल्याशिवाय कळणार नाही. अमेरिकेत ९७७ वयस्कर लोकांवर श्रवणयंत्राची रीतसर चाचणी झाली, २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्यांच्या गटात यंत्र वापरणाऱ्यांची बुद्धीची घसरण तीन वर्षांत जवळपास निम्म्यानं मंदावली होती. मोतीबिंदूचंही बघून घेऊ. सिएटलच्या एका दीर्घ अभ्यासात मोतीबिंदू झालेल्या किंवा काचबिंदू असलेल्या ३,०३८ लोकांना वर्षानुवर्षं बघितलं, तेव्हा मोतीबिंदू काढून घेतलेल्यांत डिमेन्शिया सुमारे तीस टक्क्यांनी कमी दिसला. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनं, जिच्यानं दृष्टी परत येत नाही, तसा फरक पडला नाही. ऑपरेशनला जाण्याइतकी धडधाकट माणसंच मुळात निरोगी होती, ही शंका त्यामुळे बरीच कमी होते.

रक्तातलं बी-१२ आणि थायरॉइड तपासायला सांगू, या दोन्हींनीही विसरायला होतं आणि दोन्हींवर उपाय आहेत. तिच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवायची, झोपेची ती जुनी गोळी धरून. आणि एक गोष्ट फ्रिजवर लिहून चिकटव: आई एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागली, सुस्त पडली, माणसं ओळखेनाशी झाली, तर "वय झालं" म्हणून घरी थांबायचं नाही. लघवीचा संसर्ग, शरीरातलं सोडियम उतरणं, नवं औषध, असं काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना.

तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलंच. तुझं आईसारखं होईल का? मला सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही. पण तू दहावीनंतरही शिकलीस, तुझं बीपी वेळेत कळू शकतं, तुझे कान-डोळे आपण वेळेवर दाखवू शकतो. यातलं आईच्या वाट्याला फारसं काही आलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी येतेय. कानाच्या डॉक्टरांची सकाळची वेळ घेऊन ठेव. आईला मी नेते. तू त्या दिवशी दार लावून झोप.